सांजणीच्या पोथीतले जीव

दिगंबर जैन मुनी धृतिसागर महाराजांचा त्या वर्षीचा चातुर्मास पंचगंगेच्या काठी सांजणी या गावात होता. महाराजांचे वय सत्तरीकडे झुकलेले, शरीर काटक, आवाज मात्र इतका हलका की ऐकणाऱ्याला पुढे सरकून बसावे लागे.

भाद्रपदातली ती सकाळ इतर सकाळींसारखीच उजाडली. पूर्वेला फटफटल्यावर महाराज कमंडलू आणि मोरपिसांची पिंछी घेऊन नदीकडून परतले. ओल्या गवतावर पाय पडू नये म्हणून ते नेहमीप्रमाणे बैलगाडीच्या चाकोरीतून, पुढची चार हात जमीन निरखत चालत होते. विहिरीवर बायका दुपदरी फडक्यातून पाणी गाळत होत्या, आणि फडक्यात राहिलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडत होत्या. मंदिरात पुजारी उपाध्ये अभिषेकाची भांडी पुसून पालथी घालत होते. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आले तशी माणसे स्वाध्यायासाठी जमू लागली. पुढच्या रांगेत जिनगोंडा अण्णा चौगुले बसले. शेवटच्या खांबाशी, पादत्राणांच्या जवळ, तवनाप्पा कासार बसला.

जिनगोंडा अण्णांविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्यांनी तरुणपणी गुरुकुलात राहून शास्त्राचा अभ्यास केला होता. घरी आगमांवरची, कर्मसिद्धान्तावरची, न्यायाची, श्रावकांच्या आचाराची अशी पुस्तके चार कपाटे भरून होती, आणि ती शोभेसाठी ठेवलेली नव्हती. प्रत्येकाच्या समासात अण्णांच्या बारीक अक्षरातली टिपणे असत. पंचक्रोशीत कोणाला शंका आली तर तो त्यांच्याकडे येई. विद्या खरी होती, म्हणून तिचा ताठाही मोठा होता. तवनाप्पा बांगड्या भरणारा, अक्षर जेमतेम लावणारा. त्याने एकदा त्यांच्याकडून मुलांसाठी लिहिलेले तत्त्वांचे लहानसे पुस्तक नेले, आणि वर्ष उलटले तरी त्याची खूण पहिल्या धड्यातून हलली नाही. अण्णा ही गोष्ट चारचौघांत रंगवून सांगत. तवनाप्पाही सगळ्यांबरोबर हसे.

त्या चातुर्मासात स्वाध्यायाला एक हस्तलिखित पोथी घेतली होती. गावच्याच कोणा त्यागी पुरुषाने जुन्या काळी ती लिहिलेली. प्राकृत गाथांखाली सोप्या मराठीत अर्थ दिलेला. तिची दुसरी प्रत कोठे नव्हती. ही पोथी पूर्ण होईपर्यंत रोज तिच्यातली एक तरी गाथा वाचल्याशिवाय आहाराला उठायचे नाही, असा नियम महाराजांनी आरंभीच घेतला होता. दिगंबर साधूंचा आहार दिवसातून एकदाच, आणि पाणीही त्याच वेळी. तेव्हा हा नियम काय होता हे गावाला समजत होते.

उपाध्यांनी कपाटातून पोथी आणली, चौरंगावर ठेवली, वेष्टनाची गाठ सोडली, आणि त्यांचे हात तिथेच थांबले. पावसाळ्यात कपाटामागची भिंत ओलावली होती. पोथीच्या कडेवर मातीची बोटभर जाड वेल चढली होती. वरची लाकडी फळी किंचित उचलताच आत पांढुरकी हालचाल दिसली. पाने मातीने एकमेकांना चिकटली होती आणि त्यांच्यामध्ये वाळवी भरून राहिली होती.

महाराजांनी पाहिले. पिंछी उचलून त्यांनी हात जोडले आणि ते आपल्या बसायच्या लाकडी फळीवर जाऊन बसले. त्या दिवशी वाचन नाही, म्हणजे आहार नाही. हे कोणाला सांगावे लागले नाही.

मंडपात कुजबुज वाढली. अण्णांनी घासलेटाचा डबा आणायला सांगितले. पोथी अंगणात न्यायची, पानांच्या फटींतून घासलेट सोडायचे, घटकाभरात सगळे मोकळे होईल. उद्या महाराज वाचतील. अण्णांच्या मनात महाराजांची काळजी होती, हे कोणी नाकारू नये. सात-आठ दिवसांपूर्वीच त्यांनी याच मंडपात जीवांचे भेद समजावताना वाळवी तीन इंद्रियांची असते, तिला स्पर्श, चव आणि वास कळतो, असे सांगितले होते. ते सांगणारे आणि आता डबा मागवणारे अण्णा एकच होते, आणि त्यांना स्वतःला त्यात काही विसंगत वाटले नाही. ज्ञान वाचवायचे आहे, एवढेच त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

खांबापासून तवनाप्पा उठून पुढे आला. त्याला असे पुढे आलेले कोणी कधी पाहिले नव्हते.

"अण्णा, घासलेट घातल्यावर ती मरतील न्हवं?"

"मग काय त्यांना पाटावर बसवून जेवू घालायचं? तवनाप्पा, ही पोथी गेली तर परत मिळणार नाही."

"ते खरं हाय. मला त्यातलं काय कळत न्हाई. पर आत जीव हाईत."

कोणीतरी हसले. पाने सोडवून वाळवी झटकावी, असे एकाने सुचवले. पण पाने सोडवताना मधले जीव चिरडले जाणार, हे उघड होते. शेवटी सगळ्यांनी महाराजांकडे पाहिले. साधू कोणाला असे करा, तसे करा म्हणून आज्ञा देत नसतात. महाराज एवढेच म्हणाले, "आमच्या भुकेसाठी कोणी काही करू नये. जे कराल ते स्वतःला विचारून करा." आणि त्यांनी डोळे मिटले.

तवनाप्पाने पोथी एक-दोन दिवस आपल्या घरी नेण्याची परवानगी मागितली. काय करणार, असे उपाध्यांनी विचारले. आपल्या घरी ठेवली तर वाळवी आपणहून निघेल, एवढेच तो म्हणाला. अण्णांनी खांद्यावरचे उपरणे झटकले.

"न्या. ग्रंथ तर तुम्हाला कधी कळला नाही. वाळवी तरी कळते का बघा."

मंडप हसला. या वेळी तवनाप्पा हसला नाही. पोथी वेष्टनासह दोन्ही हातांवर घेऊन तो कासारगल्लीकडे चालू लागला. चालताना तोही महाराजांसारखा खाली जमिनीकडे पाहत होता, पण त्याची नजर हातांवरच्या वेष्टनातून काही गळून तर पडत नाही ना, याकडे होती.

त्याचे घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. खोलीत चौरंग नव्हता. त्याची बायको चंद्राक्का हिने वेताची बुट्टी उपडी घालून तिच्यावर धुतलेले पांढरे फडके अंथरले आणि त्यावर पोथी ठेवली. पलीकडच्या भिंतीशी बांगड्यांचे लाकडी खोके होते. गवतात गुंडाळलेला तोच त्यांचा सगळा माल. तवनाप्पा पोथीसमोर मांडी घालून बसला आणि णमोकार मंत्र म्हणू लागला. त्याला दुसरे काही येत नव्हते. महाराज उपाशी आहेत म्हटल्यावर त्यानेही पाणी घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोथी तशीच होती. मातीची वेल उलट थोडी वाढली होती. महाराज मंडपात आले, रिकाम्या चौरंगापुढे क्षणभर उभे राहिले आणि परत फिरले. त्यांचे ओठ कोरडे पडले होते, आणि फळीवर बसताना त्यांनी भिंतीला हात टेकला. ते पाहून बायकांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या पाण्याचा राग व्हायला वेळ लागला नाही. चंद्राक्का विहिरीवर गेली तेव्हा कोणी तिला घागर ठेवायला जागा करून दिली नाही. एका शेजारणीने तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटले की, महाराजांना काही झाले तर त्या घरात बांगडी भरायला गावातली बाई पाऊल टाकणार नाही. चंद्राक्काने घरी येऊन हे नवऱ्याला सांगितले.

"आवं, खरंच महाराजांना काय झालं तर?"

तवनाप्पाने मान वर केली. त्याचा चेहरा रात्रभराच्या जागरणाने उतरला होता. आपण चुकतो आहोत का, हे त्याला खरोखरच माहीत नव्हते. एकीकडे त्याला जगात सर्वांत प्रिय असलेला माणूस तहानलेला होता, आणि दुसरीकडे ज्यांची नावेही नाहीत असे ते बारीक जीव. "मला ठरवता येत न्हाई," तो म्हणाला, "म्हणून बसलोय." चंद्राक्का त्याच्या शेजारी बसली. मग दुपारी धुणे घेऊन ती नदीवर गेली.

त्याच दुपारी जिनगोंडा अण्णा घासलेटाचा डबा घेऊन कासारगल्लीत आले. महाराजांचा भिंतीला टेकलेला हात त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. पाप लागायचे तर ते आपल्याला लागो, असे त्यांनी वाटेत ठरवले होते. गल्लीत कोणी नव्हते. पाऊस उघडून भाद्रपदातले कडक ऊन पडले होते. तवनाप्पाचे दार पश्चिमेकडे. ते सताड उघडे होते, आणि तवनाप्पा पोथीसमोर बसल्या जागी, हनुवटी छातीला लावून झोपला होता.

अण्णांनी उंबऱ्यात डबा ठेवून टोपण काढले. मग त्यांचे लक्ष जमिनीकडे गेले.

पोथीतून वाळवी बाहेर पडत होती. उपड्या बुट्टीच्या कडेने खाली उतरून, जमिनीवरून सरळ रेषेत ती बांगड्यांच्या खोक्यातल्या ओलसर गवताकडे चालली होती. वाळवी उघड्यावर चालत नाही. मातीचे छत केल्याशिवाय ती वीतभरही पुढे सरकत नाही, हे शेतात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असते. अण्णांनाही होते. तरी ती चालली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत, एकामागे एक, पांढरी पिल्ले तोंडात धरून. मात्र दारातून आलेला उन्हाचा पट्टा हळूहळू आत सरकत होता. रेषेचा जो भाग उन्हात सापडला होता तिथे ती गोंधळत होती, काही वळवळून पडत होती, आणि मागची पोथीकडे परत फिरू लागली होती.

अण्णांचा हात डब्याच्या कडीवर होता. आता पोथी बाजूला घेऊन या रेषेवर घासलेट सोडले असते तर काम झाले असते, आणि कोणालाही कळले नसते. त्यांनी तवनाप्पाच्या वाकलेल्या मानेकडे पाहिले. मग त्यांनी कडी सोडली, उंबऱ्यात ऐन मध्यावर उभे राहिले, आणि उपरणे दोन्ही हातांनी पसरून धरले. त्यांची सावली आत जमिनीवर पडली. रेषा पुन्हा चालू लागली.

ऊन कलत गेले तसे अण्णा बोटाबोटाने सरकत राहिले. त्यांची पाठ भाजत होती, हात भरून आले होते. चार कपाटे वाचलेल्या त्या माणसाला त्या वेळी एकही ओळ आठवत नव्हती. एवढे मात्र दिसत होते की, यांना जगायचे आहे. शेवटचा जीव खोक्याच्या फटीत शिरला तेव्हा ते खाली बसले. थोड्या वेळाने डबा उचलून, तवनाप्पाला न जागवता, ते निघून गेले. ही गोष्ट त्यांनी घरीही सांगितली नाही.

तवनाप्पा जागा झाला तेव्हा पोथी शांत होती. त्याने फळी उचलून पाहिली, मग खोक्यातले गवत पाहिले, आणि काय झाले ते त्याच्या ध्यानात आले. गवतावर सुट्या पडलेल्या काही बांगड्या त्याने काढून घेतल्या. खाली रुतलेल्या मालाला हात लावला नाही. खोके डोक्यावर घेऊन तो गायरानातल्या वारुळाशी गेला आणि तिथल्या सावलीत ते ठेवून परत आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोथी चौरंगावर आली. कोरडी माती फुंकरीने उडत होती. कडा कुरतडल्या होत्या, काही अक्षरे गेली होती, पण महाराज जिथपर्यंत आले होते तिथून पुढची गाथा आणि तिचा अर्थ पूर्ण होता. मंडपात कोणी हसले नाही. महाराजांनी ती गाथा वाचली. कोरड्या घशामुळे आवाज आणखी हलका झाला होता, आणि सगळे गाव पुढे सरकून बसले.

वाचन संपल्यावर एकेक जण नमस्कार करून जाऊ लागला. जिनगोंडा अण्णा पुढे आले आणि वाकले. महाराजांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला, आणि फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू ते म्हणाले,

"काल फार वेळ उन्हात उभे राहिलात. पाठ भाजली असेल."

अण्णांनी मान वर केली. काल सकाळी मंडपातून परतल्यावर महाराज फळीवरून उठले नव्हते, आणि गल्लीत कोणी नव्हते. आपल्या धर्मात कोणी देव धावून येत नाही, हे अण्णा आयुष्यभर इतरांना शिकवत आले होते; ते खोटे नव्हते. पण आत्म्यावरचे आवरण ज्याचे विरळ झाले आहे त्याला किती दूरचे दिसते, हे त्यांनी आजवर फक्त वाचले होते. त्यांचे डोळे भरून आले. ते पुन्हा वाकले आणि कपाळ जमिनीला टेकवून बराच वेळ तसेच राहिले. उठले ते सरळ खांबाकडे गेले, आणि सगळ्या मंडपादेखत तवनाप्पापुढे वाकले. तवनाप्पा गडबडून मागे सरला आणि त्याने त्यांचे दोन्ही हात धरले.

आहाराची वेळ झाली. चातुर्मासात रोज अण्णांच्या दारी महाराजांच्या आहारासाठी शुद्ध स्वयंपाकाचा मोठा चौका लागे. धुतलेली वस्त्रे नेसून, हातात कलश घेऊन ते महाराजांना बोलावण्यासाठी उभे राहत. त्या दिवशी त्यांच्या दारात त्यांचा मुलगा आणि सून उभी होती. अण्णांनी विहिरीवर अंघोळ केली, कोरे धोतर नेसले आणि ते कासारगल्लीत आले. चंद्राक्काने पडवी सारवली होती. चुलीवर भात आणि मुगाचे वरण होते. ती आणि तवनाप्पा दारात हात जोडून उभे होते. रोज तसेच उभे राहत, आणि महाराजांची पावले या गल्लीत कधी वळली नव्हती.

"वहिनी," अण्णा म्हणाले, "पाणी घालायला एक माणूस चालेल का?"

चंद्राक्काने नवऱ्याकडे पाहिले. मग तिने गाळून तापवलेल्या पाण्याचा कलश त्यांच्या हातात दिला, आणि अण्णा त्या दोघांच्या मागे जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी महाराज दिसले. ते खालची जमीन निरखत सावकाश येत होते. दारासमोर येऊन ते थांबले. तवनाप्पाने तीन प्रदक्षिणा घातल्या, मन, वचन, काया आणि आहारपाणी शुद्ध असल्याचे अडखळत सांगितले, आणि महाराज आत आले. त्यांनी ओंजळ पुढे केली. अण्णा वाकले, आणि त्यांनी पाण्याची बारीक धार त्या ओंजळीत धरली.