दुमडलेली कड

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली नुकताच पदवी घेऊन आलेला एक शिष्य होता. शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. रक्ताच्या अहवालात जो आकडा मर्यादेबाहेर जाई, त्याच्यापुढे प्रयोगशाळा ताऱ्याची खूण छापत असे. शिष्य फक्त तारे शोधी. तारा नसला की 'नॉर्मल'चा शिक्का मारून तो कागद परत देई.

एके सकाळी शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी एक बाई नवऱ्याबरोबर आली. महिनाभर तिला जिना चढताना दम लागत होता. शिष्याने अहवालावर नजर फिरवली. हिमोग्लोबिन बारा पॉइंट दोन, मर्यादा बारा ते पंधरा. तारा नाही. बाईने जुन्या कागदांची पिशवी पुढे केली, ती त्याने न उघडताच बाजूला सारली.

"तुम्हाला काही झालेलं नाही," तो भरल्या ओसरीत म्हणाला. "कामाचा कंटाळा आला की असा दम लागतो."

बाकावरची माणसे हसली. नवरा म्हणाला, "मी तेच सांगतोय हिला." बाईने मान खाली घातली.

आतल्या खोलीतून वृद्ध डॉक्टरांनी शिष्याला पिशवी घेऊन बोलावले. त्यांनी आजचा कागद आणि जुने तीन कागद तारखेप्रमाणे मांडले आणि प्रत्येकाची उजवी कड मागे दुमडली. छापलेली मर्यादा दिसेनाशी झाली.

"आता नुसते आकडे वाच."

शिष्याला यातले काही कळेना. तरी त्याने वाचले. "चौदा पॉइंट दोन. तेरा पॉइंट नऊ. तेरा पॉइंट एक." आजचा आकडा त्याने हळू वाचला, "बारा पॉइंट दोन."

डॉक्टर म्हणाले, "पुष्कळ धडधाकट माणसांचं रक्त तपासतात, दोन्ही टोकांची थोडी माणसं वगळतात आणि उरलेल्यांची मर्यादा छापतात. वगळलेलीही धडधाकटच असतात. म्हणून तारा दिसला तरी लगेच घाबरवू नये, आणि नाही दिसला तरी झटकून टाकू नये. या बाईची स्वतःची मर्यादा या पिशवीत होती. तिचं रक्त तीन वर्षं उतरतंय. का, ते शोधायला हवं. आणि दम तिला लागत होता, बाबा. त्याबद्दल तिलाच विचारायचं होतं."

शिष्याचे कान तापले. डॉक्टर रागावले असते तर त्याला बरे वाटले असते. बाहेर तीच माणसे बसली होती. बाईला हळूच आत बोलावून घ्यावे असे एकदा मनात आले, आणि त्या विचाराचीही त्याला लाज वाटली.

तो ओसरीवर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बाई, तुमचा दम खरा आहे. मी तुमचे कागद पाहिलेच नाहीत. चूक माझी आहे."

बाई नवऱ्याकडे वळली आणि हलकेच म्हणाली, "ऐकलंत ना?"

आपण मारलेला 'कंटाळ्या'चा शिक्का या बाईबरोबर तिच्या घरीही गेला असता, हे शिष्याला तेव्हा कळले.