दोन पट्ट्यांमधला सूर

बसा ताई, बसा. उठू नका. त्या दगडावर टेकलेल्या माणसाला आम्ही उठवत नाही. उपासनेला अजून अवकाश आहे. तुम्हा पाहुण्यांना वाटत असेल, एवढी घडीव फरशी आणि दाराशीच हा ओबडधोबड धोंडा कशाला? आणि बाजाची पेटी पुढं असायची सोडून मागं, धोंड्याला चिकटून का? देवळात पाय ठेवणारा प्रत्येक जण हेच विचारतो. हो, आम्ही कोळदऱ्याची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. परमेश्वराची तक्रार अजून आलेली नाही.

माझ्या पणज्याच्या वेळी, म्हणे, हा पायपेटीचा बाजा बैलगाडीतून आला. शाळेचे एलिया मास्तर तो वाजवत. साहेबी चालीची गीतं, एकेक ओळ इस्त्री केल्यासारखी. त्याआधी सगळी भक्ती सखोबाच्या डफावर चाले. झालं, मंडळीत दोन तट पडले. मास्तर म्हणायचे, डफ तमाशातला, तो देवापुढं नको. सखोबा म्हणायचा, साहेबाच्या पेटीत आमचा जीव रमत नाही. माणसं दोन्ही भली, पण हट्टाला पेटली की भली माणसं फार वाईट. उजवीकडं बाजावाले, डावीकडं डफवाले, आणि दोन्हीकडून एकाच वेळी दोन गाणी! देवानं कुठला कान कुणाकडं द्यावा?

त्या वर्षीचा कापणीचा सण होता. वेदीपाशी ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या वाहिलेल्या. तटही त्या दिवशी अगदी ईर्षेला आलेले. इकडं खालच्या आळीत हन्नाबाई नावाच्या विधवेची एकुलती एक लेक, मार्था, पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. सुईण म्हणाली, ‘हन्ने, माझे हात टेकले. आता मंडळीला प्रार्थनेला बसव.’ हन्नाबाई तशीच धावत निघाली. लेकीला धीर देऊन देऊन तिचा घसा पार बसला होता.

दारात उभी राहून तिनं हाका मारल्या. कोण ऐकतंय? सगळ्यांच्या पाठी दाराकडं, तोंडं एकमेकांच्या विरोधात. तेव्हा ती या धोंड्यावर मटकन बसली आणि जात्यावर म्हणावं तसं म्हणू लागली, ‘ये रे बापा, ये, माझी लेक चालली, ये.’ ना साहेबी चाल, ना डफाची.

मास्तरांचा कान तिखट. त्यांना वाटलं, डफवाल्यांनी मुद्दाम कुणाला तरी बेसूर गायला बसवलंय. मागं न बघताच ते खेकसले, ‘कोण ते? पट्टीत गा!’

हन्नाबाई म्हणाली, ‘मास्तर, मी तुमच्यासाठी गात नाही हो.’

एवढंच. मास्तर वळले. तिच्या पदराला लेकीचं रक्त लागलेलं.  असं सांगतात, की ते तिचा सूर पेटीवर शोधू लागले, पण तो सापडेना. पांढरी दाबावी तर उतरतो, काळी दाबावी तर चढतो. दोन पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी तिचा सूर होता, आणि तिथं पेटीला पट्टीच नाही! सखोबानं डफ उचलला, तर नुकतंच विस्तवावर तापवलेलं कातडं भर उन्हाळी दुपारी ओल्या फडक्यासारखं सैल पडलेलं, म्हणे. खरं-खोटं देव जाणे. मास्तरांनी पेटी मिटली, सखोबानं डफ पालथा ठेवला, आणि दोघं जाऊन धोंड्यापाशी गुडघ्यावर बसले. मग अख्खी मंडळी, उजवी नाही न डावी नाही, हन्नाबाईच्या त्या फुटक्या सुरात गाऊ लागली. सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो, हा बघा.

ऊन कलेपर्यंत ते गाणं थांबलं नाही. आणि मग खालच्या आळीतून बाळाचं रडणं आलं. तेही म्हणे त्याच सुरात. मार्था वाचली. बाळाला, म्हणजे त्या मुलीला, तिच्या म्हातारपणी मी पाहिलंय; गळा मात्र आजीवर गेलेला, बाईला एक ओळ धड गाता यायची नाही!

दर वेळी असं घडतं असं नाही बरं. माझी बायको सुशीला आजारी पडली तेव्हा मीही या दगडावर बसलो होतो. ती गेली. पण त्या दिवशी एवढी माणसं माझ्या घोगऱ्या सुरात गायली, आणि मी एकटा घरी गेलो नाही, एवढं खरं.

तेव्हापासून पेटी मागं, धोंड्यापाशी आली ती आलीच. आजही आमच्याकडं बाजा वाजतो, डफ वाजतो, पोरं गिटारही आणतात. वाजवा म्हणावं. पण पहिलं गीत बिनवाद्याचं, आणि पट्टी धोंड्यावर बसलेल्याची. कुणी नसलं तर पाळक थांबतात, ‘आज पट्टी कुणाची?’ म्हणून विचारतात.

ही घंटा झाली. ताई, आल्या आल्या तुम्ही नेमक्या तिथंच टेकलात. काय झालंय ते मी विचारत नाही. आमच्यात विचारत नाहीत. गाता येत नाही म्हणता? हन्नाबाईला तरी कुठं येत होतं! तुम्ही नुसतं सुरू करा. आम्ही आहोत मागं.