मधली गाठ

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा लिहिता-वाचता येणारं माणूस पंचक्रोशीत सापडत नसे. काही लक्षात ठेवायचं असलं की बायका पदराला गाठ मारत आणि काम झालं की सोडत.

एका उजाड माळावर दोनच घरं होती आणि दोन्ही घरांत मिळून एक खोल विहीर. घरं सख्ख्या भावांची. भाऊ मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर असत. मागे उरत त्या दोघी जावा, थोरली आणि धाकटी. त्यांचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती.

धाकटी भारी रागीट. राग यावा आणि निघून जावा, हे तिला पटतच नसे. आलेला राग टिकला पाहिजे, असा तिचा हट्ट! पदराची गाठ धुण्यात सुटते, म्हणून ती विहिरीच्या दोरालाच गाठ मारी. थोरलीच्या कोंबडीनं वाळवण विस्कटलं, मार गाठ. थोरली दारावरून जाताना हसली, मार गाठ. रोज पाणी ओढताना त्या गाठी हाताला लागत आणि रोज तिचं डोकं नव्यानं तापे. त्यात तिला काय सुख वाटे, देव जाणे.

सगळ्यात जास्त राग मधल्या गाठीचा. ती सर्वांत जुनी. "वेगळं निघताना हिनं मुद्दाम गाठीचा दोर माझ्या गळ्यात मारला," असं ती आल्यागेल्याला सांगे. पुढच्या साऱ्या गाठी त्या एका गाठीच्या जोरावर पडल्या होत्या.

एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पार तळाला गेलं. त्यातच धाकटीची सहा वर्षांची लेक तापानं फणफणली. "आई, पाणी," एवढंच ती म्हणत होती आणि घरातला माठ कोरडा पडला होता. धाकटी विहिरीकडे धावली. तिनं पोहरा आत सोडला, सोडत राहिली आणि दोर संपला. पोहरा पाण्याच्या हातभर वर लोंबकळत राहिला. एकेक गाठ वीतभर दोर खाऊन बसली होती.

धाकटी तिथेच बसून गाठी सोडू लागली. वर्षानुवर्षं भिजून, ओढून त्या दगडासारख्या झाल्या होत्या. नखं तुटली. मग तिनं दात लावले. ही गाठ कशाची? आठवेना. आणि ही? तीही आठवेना. एकीचंही कारण धड सांगता येत नव्हतं, राग मात्र सगळ्यांचा ताजा होता. घरातून येणारा लेकीचा आवाज बारीक होत चालला.

तेवढ्यात थोरली पाण्याला आली.

"हे काय चाललंय?"

"तुमची करणी निस्तरतेय!" धाकटी किंचाळली. "पोर तहानेनं तडफडतेय, अन् हा तुमचा गाठीचा दोर! मुद्दाम दिलात मला!"

थोरलीनं आपला पोहरा दाणकन खाली टाकला. सहा वर्षं गप्प राहिलेली बाई, आज तिचाही तोल सुटला.

"मुद्दाम? होय, ही मधली गाठ मीच मारली. दोर दुमडून बरोब्बर मध्यावर! तिथं तोडून निम्मा तुला, निम्मा मला करायचा होता. विळासुद्धा उचलला होता मी. मग म्हटलं, तोडला तर एकीचाही पाण्याला पुरणार नाही. तू बाळंतीण होतीस, म्हणून सबंध दोर तुला दिला. रडत रडत माझ्या पाया पडलीस गं तेव्हा! अन् मी कशानं पाणी ओढतेय, हे कधी बघितलंस?"

धाकटीनं बघितलं. थोरलीच्या हातातला दोर जुन्या लुगड्यांच्या चिंध्या वळून केलेला होता.

आणि मग तिला सगळं आठवलं. विळ्याचं पातं, दोराचं भेंडोळं, थोरलीच्या पायांवर टेकलेलं आपलं कपाळ. रागाला ते सोयीचं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं तिनं ते वर येऊच दिलं नव्हतं.

"अक्का..." तिच्या तोंडून निघालं.

"अक्का-बिक्का नंतर. पोर आधी!" "पाणी इतकं खाली गेलंय, माझाही एकटा दोर पुरायचा नाही," म्हणत थोरलीनं चिंध्यांचा दोर तिच्या दोराला करकचून बांधला. "ओढ आता!"

दोघींनी पाणी ओढलं. पोर प्यायली आणि वाचली.

दोर मात्र वाचला नाही. गाठी होत्या तिथे तिथे तो झिजला होता आणि आठवड्याभरात तीन ठिकाणी तुटला. दोघींनी मिळून नवा वळला. थोरलीनं माफ केलं म्हणता? लगेच नाही. "सहा वर्षं मला लबाड ठरवलंस," असं ती वर्षभर ऐकवत राहिली आणि धाकटी मान खाली घालून ऐकत राहिली.

मधल्या गाठीचा तुकडा धाकटीनं दाराला टांगला. तो दिसला की तिला अजूनही राग येई. पण आता तो कुणावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तात्पर्य: राग जपण्यासाठी आठवण ठेवली, की राग तेवढा शिल्लक राहतो आणि आठवण खोटी होते.