बोरीखालचं पांढरं कापड

फार मागे, माळावरच्या बोरीवर भुंगेऱ्यांचं गाव होतं. म्हातारा काळोबा पोरांना शिकवायचा, "फांदी हलली की पाय सोडायचे. पाचोळ्यात पडायचं, मेल्याचं सोंग घ्यायचं. पाखरू शोधून शोधून कंटाळतं."

एका सकाळी फांदीवर काठीचा दणका बसला. काळोबाने पाय सोडले. त्याच्यामागे सगळं गाव टपटप खाली आलं.

खाली पाचोळा नव्हताच. पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं होतं. काळोबा हबकला.

किडे गोळा करायला आलेल्या बाई सोबतच्यांना म्हणाल्या, "एक काठी मारली की हे आपणहून पडतात. भरा बाटलीत."

आपल्याला पंख आहेत, हे काळोबाला आत्ता आठवलं. शेजारी नात पाय पोटाशी घेऊन पडली होती, शिकवलं होतं तशीच.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "अजून किती वेळ मेलेलं राहायचं?"