बोटात रुतलेली अंगठी

ऐन वैशाखात कुंदा मेस्त्री खाडीकाठच्या हॉटेलापुढे डेक बांधत होती. औषध मुरवून वाळवलेल्या फळ्या ठोकताना दोन फळ्यांमध्ये ती मुद्दाम बारीक फट ठेवायची. मालक खानविलकर सगळ्या सुतारांसमोर कडाडले, "हे काय फटीफटीचं काम? फळीला फळी भिडव, नाहीतर हत्यारं उचल आणि चालू लाग!"

"भिडवते की! आधी बोटातली ती अंगठी काढून दाखवा."

खानविलकरांनी अंगठी ओढली, पिळली. दमट उकाड्यानं फुगलेल्या बोटातून ती हलेचना. शेवटी ते कळवळले.

"पावसात लाकूडही असंच फुगतं, साहेब," कुंदा म्हणाली. "जागा नसली की तुम्ही ओरडता. फळ्या ओरडत नाहीत, उसळतात. आणि वर मालक उभा आहे की गडी, हे त्या बघत नाहीत."