पायथ्याशी ठेवलेला शिधा

एकदा एक तरुण शिष्य दक्षिण ध्रुवाजवळच्या हिमप्रदेशाचे मापन आटोपून आपल्या वृद्ध गुरूंकडे परतला. गुरूंचे सारे आयुष्य नकाशे काढण्यात गेले होते. शिष्याच्या नकाशात पूर्वेला एक नवा पर्वत होता आणि मोहिमेचा खर्च उचलणाऱ्या व्यापाऱ्याच्या दिवंगत वडिलांचे नाव त्याला दिले होते: त्र्यंबकशेट पर्वत. व्यापारी हरखून गेला. त्याने लगेच पेढे मागवले. काम तपासण्याआधीच पेढे वाटणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे.

गुरूंनी पेढा बाजूला ठेवला. "या डोंगरापाशी गेला होतास?"

"लांबून पाहिला, गुरुजी. अगदी स्पष्ट दिसत होता."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी दिसला नाही. हवा बदलली असेल."

गुरूंनी लेखणी उचलली आणि पर्वताच्या पायथ्याशी एक छोटे निशाण काढले. पुढच्या तुकडीसाठी शिधा पुरून ठेवल्याची ती खूण होती.

शिष्य दचकला. "गुरुजी, तिथे आपण काहीच ठेवलेलं नाही!"

"डोंगर आहे ना? मग शिधाही असेल."

व्यापारी ताडकन उठला. पुढच्या तुकडीत त्याचा एकुलता एक मुलगा जाणार होता. "ही काय थट्टा मांडलीत? माझा मुलगा उपाशी मरेल तिथे!"

आता मात्र गुरूंचा संयम सुटला. "मरेलच! खोट्या शिध्याने ताडकन उठलात ना, शेटजी? मग खोट्या डोंगराचे पेढे गोड कसे लागले?" ते शिष्याकडे वळले. "त्या थंडीत क्षितिजावरची बर्फाची कड उंच उचललेली दिसते, डोंगर असल्याचा भास होतो, हे तुला मीच शिकवलं होतं. तरी नाव देऊन मोकळा झालास, कारण शेटजी खूश होणार होते! वादळात सापडलेली माणसं आडोशासाठी याच डोंगराकडे वळतील. तिथे त्यांना काय मिळेल? नुसता बर्फ! लाज कशी वाटली नाही तुला?"

मग व्यापाऱ्यानेच चाकू मागितला आणि वडिलांचे नाव स्वतःच्या हाताने खरवडून काढले. शिष्याने डोंगर आणि शिध्याची खूण पुसली आणि त्या खरखरीत जागी लिहिले, 'येथे मी गेलो नाही.'

गुरूंनी ते वाचून मान डोलावली. पेढा मात्र त्यांनी खाल्ला नाहीच.

न पाहिलेल्या गोष्टींना ऐटीत नावे देत सुटलेल्यांनो, तुमच्या नकाशावर विसंबून कुणाचे तरी पोर चालत जाणार आहे.