दोराचा पिसारा

होड्या अजून शिडांवर चालत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. बाळकू नाखव्याच्या होडीवर शीड चढवायचा एक नवा दोर होता. त्याचं टोक उसवू नये म्हणून नाखव्याने त्यावर मेण लावलेला दोरा गच्च गुंडाळला होता.

"जरा सैल बस की," दोर रोज कुरकुरायचा. "एवढा दांडगा मी, आणि तू काडीएवढा माझा गळा धरतोस."

"सैल बसलो तर माझा उपयोग काय?" दोरा म्हणायचा.

शेवटी दोराने एका खेकड्याला गळ घातली. खेकड्याने दोऱ्याची गाठ कातरली, दोरा गळून पडला आणि दोराचे तिन्ही पेड सुटून वाऱ्यावर नाचू लागले.

"बघ, मोराचा पिसारा," दोर म्हणाला.

"मला तर केरसुणी दिसते," खेकडा म्हणाला आणि बिळात गेला.

सकाळी ओहोटी लागली. नाखवा दोर कप्पीत ओवायला गेला, पण पिसारा भोकात शिरेना. एक पेड आत जाई, दोन बाहेर राहत. बाकीच्या होड्या खाडीबाहेर पडल्या.

"पाणी चाललं. होडी चिखलात बसेल, कापा ते," नाखवीण म्हणाली.

नाखव्याने वीतभर पिसारा कापला आणि गळून पडलेला तोच दोरा उचलून नव्या टोकावर गुंडाळला. दोर सरसर कप्पीतून गेला, शीड फुगलं, होडी वेळेवर सुटली.

दोराने खाली पाहिलं. नाखवीण त्याच्या पिसाऱ्याने मासळीची टोपली घासत होती.

"दोरोबा," तो हळूच दोऱ्याला म्हणाला, "अजून थोडं आवळलंत तरी चालेल."